खिडकीत रुजतं ते सगळं जगत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज गटागटांतून फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘बाजारची भाजी विसरा. कोणतीही भाजी घरातच, खिडकीत, अंड्याच्या कवचात पेरा. बी विकत घेऊ नका, टोमॅटोची चकती पुरा. रोज भरपूर पाणी घाला. 30 दिवसांत घरची भाजी ताटात.’ हे वाचून हौसेने पेरलेली रोपं माना टाकतात आणि माणूस ‘आपल्या हाताला गुण नाही’ म्हणत कुंड्या माळ्यावर टाकतो. हाताचा काही दोष नसतो. सल्लाच चुकीचा असतो.

आधी ‘घरातच पेरा’ याचं बघू. ही पद्धत थंड देशांतली. तिकडे वसंतातही बाहेर हिम पडतं आणि उन्हाळा आखूड, म्हणून टोमॅटोचं बी शेवटच्या हिमाच्या 6 ते 8 आठवडे आधी घरात, दिव्याखाली पेरतात. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला ते करावंच लागतं. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी एखाद्या पहाटे हिमकण दिसले की बातमी होते! पुण्या-ठाण्यात जूनमध्ये रोपांना थंडीची भीती नसते, भीती असते पावसाच्या माराची. त्यासाठी ट्रे गच्चीवर पत्र्याच्या पागोळीपासून आत सरकवला किंवा शेडनेटवर पारदर्शक प्लास्टिक ताणलं, की पुरतं.

खरी फसगत उजेडाची. टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी अंधारातही रुजतं, त्यामुळे पहिला आठवडा घरात सगळं झकास दिसतं. पण कोंब वर आला की त्याला त्याच दिवसापासून भरपूर प्रकाश लागतो. भर उन्हात उघड्यावर लाखभर लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो, खोलीत खिडकीपासून थोडं आत गेलं की काहीशे लक्स. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, रोपाला मात्र ती संध्याकाळच. मग ते खिडकीकडे वाकत उंच, किडकिडीत वाढतं. टोमॅटो असेल तर खोडाचा खालचा भाग मातीत गाडून वाचवता येतो, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. मिरचीला ही सवलत जवळपास नाही.

आणि खिडकी कोणत्या दिशेची, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात आतपर्यंत ऊन घेणाऱ्या दक्षिणेच्या गॅलरीत ऐन पेरणीच्या दिवसांत दुपारचं ऊन येतच नाही. बाग आखायची तर हे आधी बघावं, कुंड्यांचा रंग नंतर.

अंड्याचं कवच फोटोपुरतं ठीक. त्यात माती मावते चमचा-दोन चमचे, ती दुपारपर्यंत सुकते, आणि कोवळी मुळं कवच फोडू शकत नाहीत. त्यातलं कॅल्शियम इतकं सावकाश सुटतं की रोपाच्या वयात काहीच मिळत नाही. प्रो-ट्रे (रोपांसाठीचा छोट्या कप्प्यांचा ट्रे) किंवा तळाला भोकं पाडलेले कागदी कप घ्या, कोकोपीटमध्ये म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात गांडूळखत मिसळून भरा. नुसत्या कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतं.

चकतीचं म्हणाल, तर ती पुरली की झुबका उगवतो, विरळणी करता करता निम्मी रोपं मोडतात. शिवाय बाजारातले टोमॅटो बहुतेक संकरित, त्यांच्या बियांतून तेच फळ येईल याची खात्री नसते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ किंवा ‘भाग्यश्री’ असे संकरित नसलेले सुधारित वाण घेतले तर पुढच्या वर्षीचं बी घरचं धरता येतं.

‘कोणतीही भाजी’ हेही खरं नाही. मुळा, गाजर यांची रोपं करून लावली तर सोटमूळ दुखावतं आणि गाजराला फाटे फुटतात. भेंडी, गवार, मेथी, पालक थेट कुंडीतच टाका. धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा. रोपं करायची ती टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर, कांद्याची.

‘रोज भरपूर पाणी’ या वाक्याने सर्वांत जास्त रोपं मारली असतील. सतत ओल आणि कोंदट हवा मिळाली की बुरशी लागते, खोड मातीलगत काळं पडतं आणि रोप रात्रीत कोलमडतं. यालाच मर म्हणतात. वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी घाला, तेही सकाळी. पेरताना बियांना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळा. एकदा मर लागली की त्या कप्प्यातली रोपं टाकूनच द्यावी लागतात.

राहिले ते 30 दिवस. टोमॅटोचं रोपच लावण्याजोगं व्हायला 25 ते 30 दिवस लागतात. मग आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवत ते बाहेर सरावतं, आणि लावल्यावर तोडणीला आणखी दोन-सव्वादोन महिने. जूनच्या सुरुवातीला पेरलं तर सप्टेंबरात टोमॅटो. महिन्यात येते ती मेथी, फार तर पालक. त्याहून घाई असेल तर मुंबईत छोट्या जुड्यांनी मिळते तशी समुद्रमेथी करा: उथळ खोक्यात वाळू, दाट बी, आणि कोवळी असतानाच मुळासकट उपटायची. तिला उजेडाच्या खिडकीतली जागाही चालते.