पाय मजबूत करायचा की धक्का कमी करायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मॉडेल जेटच्या, म्हणजे जमिनीवरून रेडिओने उडवायच्या लहान जेट विमानाच्या, लँडिंगविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी तिचा सारांश आधी देतो. लेखात सगळा दोष उडवणाऱ्याच्या हातावर टाकला आहे, प्रत्यक्षात किटबरोबर येणारे रिट्रॅक्ट (चाकांचे पाय आत-बाहेर करणारी यंत्रणा) आणि त्यांची बैठकच कमजोर असते, असे आपले म्हणणे आहे. आपल्या सुमारे १० किलोच्या टर्बाइन जेटमध्ये आपण पाय रिट्रॅक्टला जोडणाऱ्या ४ मिलिमीटरच्या पिना काढून ५ मिलिमीटरच्या घातल्या, स्प्रिंगा अधिक कडक बसवल्या, आणि तरीही रिट्रॅक्ट जिच्यावर बसतो ती डाव्या पंखातील प्लायवुडची पट्टी रिट्रॅक्टसकट उखडून आली. नाक वर धरून संथ वेगाने उतरण्याचा सल्ला आपल्याला धोक्याचा वाटतो, कारण आपल्या मैदानावर एक जेट नेमके उतरण्याच्या वेळी स्टॉल होऊन, म्हणजे पंखाची उचल एकाएकी तुटून, पडले. म्हणून आपण वेग राखूनच खाली येता. गवताच्या धावपट्टीवर पायांना जास्त सोसावे लागते आणि चांगले पाय महाग पडतात, हेही आपण नोंदवले आहे. शिवाय नौदलाची विमाने जहाजावर अक्षरशः आपटली जातात आणि तरी मोडत नाहीत, मग मॉडेलचा पायच तितका भक्कम का करू नये, असा आपला प्रश्न आहे.

उखडलेल्या पट्टीपासून सुरुवात करतो, कारण आपल्या तक्रारीचे बरेचसे उत्तर तिच्यातच आहे. गोल सळईची वाकण्याला तोंड देण्याची ताकद तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते आणि ताठपणा चौथ्या घाताप्रमाणे. ४ वरून ५ मिलिमीटरवर गेल्याने पिनेची ताकद जवळजवळ दुप्पट झाली आणि ताठपणा सुमारे अडीचपट. जुनी पिन कठीण लँडिंगमध्ये वाकत असे आणि वाकता वाकता धक्क्यातली बरीच ऊर्जा स्वतःत जिरवत असे. नवी पिन वाकली नाही. तिने तो भार जसाच्या तसा रिट्रॅक्टच्या चौकटीला दिला, चौकटीने स्क्रूंना दिला आणि स्क्रूंनी पट्टीला. या साखळीत आता सर्वांत दुबळी कडी पट्टीचा डिंकाचा सांधा होती, म्हणून तो सुटला. पिन बदलायला मैदानावर थोडा वेळ आणि एक षट्कोनी पाना पुरतो. पंख उघडून पट्टी पुन्हा बसवायला कित्येक संध्याकाळी जातात. म्हणून कोणता भाग आधी मोडावा हा क्रम आपण स्वतः ठरवायचा असतो, आणि त्या क्रमात पिन पहिली असली पाहिजे, पंख शेवटचा. बैठक कमजोर होती हे आपले निरीक्षण मी नाकारत नाही. मात्र बैठक तशीच ठेवून तिच्या खालची पिन दुप्पट ताकदीची करणे हा त्यावरचा उपाय नाही.

कडक स्प्रिंगेची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जमिनीला टेकण्याच्या क्षणी विमान दर सेकंदाला १ मीटर वेगाने खाली येत असेल, तर तो धक्का सुमारे ५ सेंटिमीटर उंचीवरून सोडल्याइतका असतो. तोच वेग २ मीटर झाला की उंची २० सेंटिमीटर होते, म्हणजे वेग दुप्पट, पण धक्का चौपट. आता पाय किती दबतो ते पाहू. साधी स्प्रिंग असलेला पाय १ मीटरच्या वेगाला १५ मिलिमीटर दबला, तर सर्वाधिक भार विमानाच्या वजनाच्या साधारण ७ पट येतो. स्प्रिंग इतकी कडक केली की तो ५ मिलिमीटरच दबेल, तर हाच भार २० पट होतो. आपल्या १० किलोच्या विमानात याचा अर्थ असा की, पूर्वी दोन्ही पायांवर मिळून ७० किलोंच्या आसपास भार येत होता, तो त्याच लँडिंगमध्ये २०० किलोंवर गेला. लँडिंग तेच, हात तोच, फक्त स्प्रिंग बदलली.

स्प्रिंग योग्य आहे की नाही हे घरी तपासता येते, आणि ही चाचणी आपण अवश्य करावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. टाकीत फक्त राखीव इंधन ठेवून, चाके उघडून, दोघांनी विमान पंखांच्या मुळाशी धरावे आणि सपाट फरशीवर ५ सेंटिमीटरवरून सोडावे. पायाने आपल्या दबण्याच्या मर्यादेपैकी बहुतांश भाग वापरला पाहिजे, तळाला खाडकन आदळता कामा नये, आणि विमान पुन्हा वर उसळता कामा नये. राखीव इंधनावर चाचणी घ्यायची, कारण आपण उतरतो ते टाकी रिकामी होत आल्यावर. ३ लिटर केरोसीनचे वजन सुमारे २.४ किलो भरते, आणि भरल्या टाकीला जुळवलेली स्प्रिंग उतरताना गरजेपेक्षा कडकच ठरते. शेवटची अट, म्हणजे न उसळण्याची, बहुतेक पाय पूर्ण करत नाहीत. बाजारात ‘ऑलिओ’ म्हणून मिळणाऱ्या मॉडेलच्या अनेक पायांत तेलाचा थेंबही नसतो. नळीत नळी आणि आत एक स्प्रिंग, एवढेच असते. खऱ्या विमानाच्या ऑलिओत नायट्रोजन दाबला जातो आणि तेल एका बारीक छिद्रातून ढकलले जाते, त्यामुळे ऊर्जा उष्णतेत जाते. नुसती स्प्रिंग ती ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. नळीत घट्ट ग्रीस भरल्याने घर्षण वाढून उसळी थोडी कमी होते. हा पूर्ण उपाय नाही, पण स्वस्त आहे.

नौदलाच्या विमानांचे उदाहरण आपण दिलेत ते चांगले आहे, फक्त ते माझ्या बाजूने बोलते. ११ जानेवारी २०२० रोजी नौदलाचे तेजस आयएनएस विक्रमादित्यवर उतरले. जहाजावर उतरताना विमान शेवटी नाक जवळजवळ न उचलता डेकवर येते, म्हणून खाली येण्याचा जास्त वेग सोसणारे लँडिंग गियर त्याला मुद्दाम दिलेले आहे. पण केवळ पाय बदलून भागले नाही. तो भार पुढे वाहून नेण्यासाठी धडाची रचनाही बळकट करावी लागली आणि त्याची किंमत वाढीव वजनात मोजावी लागली. प्रवासी विमानांच्या बाबतीत अमेरिकी नियम असे सांगतात की, लँडिंगच्या वजनाला खाली येण्याचा वेग सेकंदाला १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर धरून रचना करावी. प्रत्यक्षातले नेहमीचे लँडिंग याच्या एक तृतीयांशाहूनही हळुवार असते. तेवढी ताकद राखीव ठेवूनही वैमानिकाला हळुवार टेकायलाच शिकवले जाते.

आता वेगाकडे येतो, कारण आपला खरा आक्षेप तिथे आहे. आपल्या जेटचा स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखाची उचल तुटते) फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या फळ्या, उघडे असताना सेकंदाला १५ मीटरच्या आसपास असावा असे त्याच्या वजनावरून आणि पंखाच्या आकारावरून वाटते. त्याच्या १.३ पट, म्हणजे सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने आणि ३ अंशांच्या उताराने आले, तर खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर राहतो, आणि शेवटी नाक किंचित उचलले की तो आणखी घटतो. वेग राखण्यासाठी नाक खाली ठेवून २५ मीटरने आणि ५ अंशांच्या उताराने आले, तर तोच आकडा सुमारे २.२ मीटर होतो आणि पायांनी जिरवायची ऊर्जा चौपटीहून अधिक होते. वेग जास्त असताना शेवटच्या क्षणी नाक उचलले की विमान तरंगत राहते, धावपट्टी संपत जाते, आणि मग घाईने एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) खाली ढकलून विमान जमिनीवर बसवण्याचा मोह होतो. त्यात नाकाचे चाक आधी टेकते. ते गुरुत्वमध्याच्या पुढे असल्याने नाक वर फेकले जाते, पंखाचा कोन वाढतो, विमान पुन्हा हवेत जाते, आपण पुन्हा ढकलतो, आणि प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा वाईट होते. पंखातल्या पट्ट्या आणि नाकाच्या चाकाचे पाय बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या उसळीत जातात. पहिल्या उसळीनंतर एलिव्हेटर ढकलू नये. नाक आहे त्या स्थितीत धरून थ्रॉटल देऊन इंजिनाचा जोर वाढवावा आणि पुन्हा फेरी मारावी.

आपल्या मैदानावर पडलेल्या जेटबद्दल मला खरोखर वाईट वाटते, आणि स्टॉलची भीती अनाठायी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ते विमान शेवटच्या वळणावर पडले असे आपणच लिहिले आहे. तिथे सरळ येण्याचा संथ वेग आणि तिरके वळण हे दोन मुद्दे वेगळे करायला हवेत. वळणात विमान जितके तिरके, तितका स्टॉलचा वेग वाढतो: ३० अंशांना सुमारे ७ टक्के, ४५ अंशांना १९ टक्के, ६० अंशांना ४१ टक्के. सरळ उड्डाणात १.३ पटीची जी मोकळीक आहे, ती ६० अंशांच्या वळणात उरतच नाही. धावपट्टीची रेषा ओलांडून गेल्यावर घाईने तिरके करून एलिव्हेटर ओढणे हे अशा अपघातांचे नेहमीचे कारण असते. त्यावर उपाय म्हणजे वळण लांबून, ३० अंशांच्या आत घेणे, आणि फ्लॅप पूर्ण उघडायचे ते विमान सरळ झाल्यावरच. पुरेशा उंचीवर, चाके आणि फ्लॅप उघडून, आपले विमान नेमके कसे स्टॉल होते हे एकदा नव्हे तर अनेकदा पाहून ठेवावे. त्यानंतर मैदानावरचा निर्णय भीतीवर राहत नाही.

टर्बाइनचा एक स्वभाव इथे आड येतो. आयडलवरून, म्हणजे सर्वांत मंद फिरण्यावरून, पूर्ण जोरापर्यंत जायला तिला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात विमान धावपट्टीच्या अलीकडेच बसू शकते. म्हणून शेवटच्या टप्प्यात ती आयडलच्या थोडी वर फिरत ठेवावी लागते, आणि तो वाढीव जोर खाण्यासाठी फ्लॅप आणि एअरब्रेकचा विरोध लागतो. पूर्ण फ्लॅप मी सुचवतो ते केवळ संथ येण्यासाठी नव्हे, तर टर्बाइन आयडलच्या वर फिरती राहावी म्हणूनही. इलेक्ट्रिक डक्टेड फॅन (नळीत फिरणारा विजेचा पंखा) असलेल्या जेटला ही अडचण फारशी जाणवत नाही.

आपण जोडलेल्या छायाचित्राविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जमिनीवर उभे असताना आपल्या जेटचे नाक स्पष्टपणे वर आहे. म्हणजे तिन्ही चाके टेकल्यावरही पंख उचल देत राहतो, चाकांवर वजन बसत नाही, आणि गवतातल्या लहानशा उंचवट्यावरही विमान पुन्हा उडी घेते. नाकाचा पाय थोडा आखूड करून किंवा लहान चाक लावून पंख जमिनीला समांतर, किंवा किंचित खाली झुकलेला ठेवावा. त्याचबरोबर मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या किती मागे आहेत तेही पाहावे. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा आणि तिथून चाकाच्या टेकण्याच्या जागेकडे काढलेली रेषा यांत साधारण १५ अंशांचा कोन असावा. चाके याहून फार मागे असली, तर ती टेकताच नाक खाली आपटते.

गवताच्या धावपट्टीबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि खर्चाचा प्रश्नही खरा आहे. गवतावर टेकताना चाकाला मागे ओढणारा जोर मोठा असतो, त्यामुळे सरळ नळीच्या पायात आतली नळी बाहेरच्या नळीत तिरकी अडकते आणि नेमक्या गरजेच्या वेळी पाय दबतच नाही. पायाचे टोक मागे झुकलेले असेल तर हे लवकर घडते. ट्रेलिंग लिंकच्या पायात चाक मागे वळलेल्या, सांध्यावर फिरणाऱ्या दांडीवर असते. त्यात चाक वर आणि मागे असे दोन्हीकडे जाऊ शकते, म्हणून दोन्ही जोर एकाच हालचालीत जिरतात. पक्क्या डांबरी पट्टीवर उडवणाऱ्याने ट्रेलिंग लिंकचा हा खर्च टाळला तरी चालेल; गवतावर उडवणाऱ्याने इतर सुधारणांच्या आधी हाच खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. तोपर्यंत पंखात मावतील तेवढी मोठी चाके लावावीत आणि गवतात अडकणारी चाकांची खालची दारे काढून ठेवावीत.

आपले मैदान पुण्याजवळ आहे, म्हणून हवेचा हिशेबही लक्षात घ्यावा. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंश असताना, हवा प्रमाण हवेपेक्षा इतकी विरळ असते की तेवढीच उचल मिळवायला वेग सुमारे ८ टक्के जास्त लागतो आणि टेकण्याच्या वेळची गतिज ऊर्जा १६ टक्के जास्त असते. युरोपातील चित्रफिती पाहून आपल्या लँडिंगची तुलना करताना हा फरक विसरला जातो. उन्हाळ्यात मी सकाळी लवकर उडवणे पसंत करतो ते यासाठीच.

पंखाची दुरुस्ती आपण अजून केलेली नाही असे लिहिले आहे, ते बरे झाले. नवी पट्टी ६ मिलिमीटर बर्च प्लायची घ्यावी आणि ती केवळ पृष्ठभागाला न चिकटवता दोन्ही बाजूंच्या रिबमध्ये (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्यांमध्ये) खाचा करून बसवावी, म्हणजे भार डिंकावर न राहता लाकडावर जाईल. पाच मिनिटांत सुकणारे इपॉक्सी इथे वापरू नये; उन्हात उभ्या केलेल्या गाडीतल्या उष्णतेने ते मऊ पडते. सावकाश सुकणारे लॅमिनेटिंग इपॉक्सी, त्यात कापसाची भुकटी मिसळून कोपऱ्यांत भरलेला गोलसर थर, आणि पट्टीपासून मुख्य स्पारपर्यंत (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईपर्यंत) चिकटवलेले कार्बन फायबरचे दोन-तीन धागे एवढे पुरे. पिना मात्र पुन्हा ४ मिलिमीटरच्याच घालाव्यात आणि दोन जादा पिना पेटीत ठेवाव्यात. दुरुस्तीनंतर ५ सेंटिमीटरच्या चाचणीत पाय किती दबला आणि विमान किती उसळले, हे कळवलेत तर स्प्रिंग कोणती निवडावी याविषयी अधिक नेमके लिहिता येईल.