जबडा वाजतो म्हणजे झोपेत श्वास अडतो?

सध्या एक रील फिरतंय. तोंड उघडताना कानापाशी कट्ट वाजतं, म्हणजे झोपेत तुमची श्वासनलिका बंद पडते; दात खाणं ही श्वास मोकळा करायची धडपड; रात्री दातांवर गार्ड (प्लास्टिकचं कवच) लावा, दुखणं आणि घोरणं दोन्ही जाईल. यातलं सगळंच खोटं नाही, पण जे खरं आहे ते भलतीकडे चिकटवलंय.

आधी तो आवाज. कानाच्या जरा पुढे बोट ठेवून आ वासा, सांधा हलताना जाणवेल. आतली चकती पुढे सरकलेली असली की जबड्याचा माथा सरकून तिच्याखाली जातो आणि कट्ट होतं. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर काही करावं लागत नाही. झोपेत मिटतो तो घसा, टाळूच्या आणि जिभेच्या मागे. कट्टवरून तिथलं काही कळत नाही.

दात खाण्याचं म्हणाल, तर झोप क्षणभर चाळवली की जबडा आवळला जातो. श्वास अडल्यावरही झोप चाळवते, म्हणून दोन्ही कधीकधी एकत्र दिसतं. पण ज्यांचा श्वास व्यवस्थित चालतो तेही दात खातातच.

संबंध मुळीच नाही, असंही नाही. २०१३ साली आलेल्या एका अमेरिकी पाहणीत श्वास अडण्याची लक्षणं असलेल्यांना पुढे जबड्याचं दुखणं लागण्याचं प्रमाण ७३ टक्के जास्त निघालं. मात्र ते दुखण्याबद्दल होतं, नुसत्या आवाजाबद्दल नाही.

गार्डचा सल्ला मात्र अंगाशी येऊ शकतो. मॉन्ट्रियलमध्ये २००४ साली स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराच्या, १० रुग्णांना वरच्या दातांवर साधा गार्ड दिला, तर निम्म्यांचं श्वास अडणं दीडपटीहून वाढलं. घोरण्यासाठीचं साधन वेगळं, ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. आणि गंमत म्हणजे त्यानेच सुरुवातीला सांधा दुखू शकतो! ताशी पाच किंवा जास्त वेळा, दर वेळी किमान १० सेकंद श्वास अडतो का, हे स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत कळतं, आरशासमोर नाही.

सांध्यामुळे खरोखर श्वास कोंडतो तो लहान मुलांत. हनुवटीवर पडल्याने किंवा कानातला संसर्ग पसरल्याने सांधा हाडाने जखडतो, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते आणि जीभ घशावर येते. अशा मुलाच्या तोंडात जेमतेम बोट शिरतं, आणि त्याचा सांधा वाजतच नाही. तिथे अनेक सर्जन आधी जबड्याचं हाड हळूहळू ताणून श्वासाला वाट करतात, सांधा नंतर सोडवतात.