डोलणारा बांबू, फाटणारा जोड

“बांबू पोलादापेक्षा मजबूत आणि लवचीक असतो, म्हणून बांबूची इमारत भूकंपात फक्त डोलते, पडत नाही. जोडांना जाड बोल्ट घट्ट आवळले की काम झालं.” हा मजकूर पुन्हा फिरतोय. बांबू माझ्याही आवडीचा आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

पोलादापेक्षा मजबूत? वजनाच्या हिशेबात आणि तंतूंच्या दिशेने ओढलं तर, हो. तोच बांबू, अगदी लॅमिनेटेड (पट्ट्या चिकटवून केलेला) असला तरी, तंतूंना आडवा ओढा, ताकद दहापटींहून जास्त घसरते. आणि जोडातला बोल्ट भोकाच्या कडेला नेमका हाच आडवा ताण देतो.

लवचीक, म्हणून सुरक्षित? खरी गफलत इथे आहे. वाकून पुन्हा सरळ होणं वेगळं आणि न तुटता, कायमचं वाकत ऊर्जा गिळणं वेगळं. दुसऱ्या गुणाला आम्ही डक्टिलिटी म्हणतो, भूकंपात भिस्त तिच्यावर असते. लॅमिनेटेड बांबूची तुळई ताणाने मोडते तेव्हा फारशी चाहूल न देता मोडते. त्यामुळे डक्टिलिटी आणायची ती जोडातल्या पोलादातून: आधी बोल्ट वाकला पाहिजे, बांबू नंतर.

आता तो जाड बोल्ट. चाचणीत मोडलेले दोन जोड उघडून बघा. बारीक बोल्टचा जोड असेल तर बोल्ट वाकडा होऊन बाहेर येतो आणि भोक लांबट झालेलं असतं. जाड बोल्ट मात्र नव्यासारखा सरळ निघतो आणि भोकापासून टोकापर्यंत बांबू उभा चिरलेला दिसतो. दुसरा जोड जास्त भार घेतो खरा, पण फारसा न सरकता अचानक दगा देतो. टोकाशी जागा कमी सोडली तर विचारूच नका. लाकडी बांधकामाची युरोपीय नियमावली, युरोकोड 5, ओढ येणाऱ्या टोकापर्यंत बोल्टच्या व्यासाच्या किमान 7 पट, आणि 80 मिमीपेक्षा कमी नाही, इतकं अंतर मागते. शिवाय प्रत्येक हेलकाव्यात भोक मोठं होतं, जोड सैल पडतो आणि पुढच्या धक्क्याला आधी नुसताच खडखडतो.

राहिला नेहमीचा दाखला: 1991 च्या लिमोन भूकंपात कोस्टा रिकातली बांबूची घरं टिकली. टिकली, खरंय. पण ती होती हलकी, बुटकी, सांगाड्यावर गिलावा केलेल्या भिंतींची. अशा भिंतीत धक्का शेकडो खिळ्यांत वाटला जातो. मोजक्या बोल्टांवर उभ्या लॅमिनेटेड चौकटीला त्या घरांचं प्रमाणपत्र लागू होत नाही.