‘बोल्ट टू बोल्ट बसतो’ म्हणे!

मंगळवारी रात्री पहिला घास तोंडात घालतोय तोच फोन वाजला. लेस्टरच्या दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा मेसेज. वर हातभर लांब फॉरवर्ड, खाली फोटो. फोटोत नवा कोरा अँगल ग्राइंडर, अजून खोक्यातच. ‘रविवारी ये. टनेल कापायचंय. तुझी वहिनी खिचडी टाकणार आहे.’

दादाकडे १९६६ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे बिनछपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर घेतली, लेकरासारखी जपतो. टनेल म्हणजे दोन सीटच्या मधून जाणारा, खाली गिअरबॉक्स झाकणारा पत्र्याचा उंचवटा. आणि हा माणूस ग्राइंडर घेऊन तिच्या पोटात शिरणार! का, तर कुणीतरी लिहिलंय म्हणून. मी बावीस वर्षं बर्मिंगहॅमजवळ जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स उघडतोय. पण घरच्या माणसाला ते कोण सांगणार. फॉरवर्ड आधी.

फॉरवर्डचं म्हणणं असं. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर बिनआवाज पडू देणारी आतली रिंग) नाही, म्हणून तो गिअरबॉक्स भंगार. त्याजागी नंतरच्या मॉडेलचा चारही गिअरना सिंक्रो असलेला टाका. कारखाना एकच, इंजिन एकच, बोल्ट टू बोल्ट बसतो, शनिवार-रविवारचं काम. टनेलला अडला तर ‘थोडा पत्रा कापा’. जुना ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे बसणारा, इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा जोड-गिअर) फेकून द्या, नाहीतर सरळ फोर्ड सिएराचा पाच गिअरवाला लावा, इंजिन निम्म्या फेऱ्यांवर चालेल. आत जाड गिअर ऑइल ओता, आवाज जातो. एमओटी (इथली गाडीची दरवर्षीची तपासणी) लागत नाही, आणि विमा कंपनीला सांगायची गरज नाही.

पत्र्यापासूनच सुरुवात करतो, कारण झोप त्यानेच उडवली.

१९६७च्या शेवटी एमजीबीची पुढची आवृत्ती, मार्क टू, आली तेव्हा एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याने नुसता गिअरबॉक्स बदलला नाही, गाडीचा मधला टनेलच रुंद केला. नवा गिअरबॉक्स अंगाने थोराड होता, जुन्या टनेलमध्ये मावत नव्हता. शिवाय ऑटोमॅटिकलाही जागा हवी होती. ज्यांनी गाडी बनवली त्यांना नवं प्रेसिंग काढावं लागलं आणि फॉरवर्डवाला म्हणतो थोडा पत्रा कापा.

हा पत्रा म्हणजे मडगार्ड नव्हे. एमजीबीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यातून रोडस्टरला छप्परही नाही. पुढचं इंजिन आणि मागचा ॲक्सल यांच्या मधला सगळा भार दोन्ही बाजूंच्या सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या), फ्लोअर आणि हा टनेल एवढ्यांनीच पेललेला असतो. टनेलला खिडकी पाडली, वर ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट मारून बसवली, की दिसायला छान दिसतं. मग गाडी मधे खचायला लागते, दारं घासायला लागतात, आणि मालक म्हणतो बिजागऱ्या झिजल्या. आणखी एक. दादाच्या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्यांची जाड केबल गाडीच्या पोटाखालून पुढे स्टार्टरपर्यंत जाते. तिथे ठिणग्या उडवणार?

‘बोल्ट टू बोल्ट’चं एवढ्यावर भागत नाही. इंजिन बी-सिरीजच, तेच १,७९८ सीसी, हे कबूल. पण इंजिनच्या पाठीवरची प्लेट वेगळी, फ्लायव्हील वेगळं, स्टार्टर वेगळा. जुन्याचा स्टार्टर झटक्याने दात पुढे फेकणारा, नव्याचा आधी दात अडकवून मग फिरणारा. गिअरबॉक्स टेकतो तो मागचा आडवा दांडा, क्रॉसमेंबर, जुळत नाही. प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी गिअरबॉक्सवर ठरते तशी ॲक्सलवरही ठरते, आणि १९६६च्या रोडस्टरला जुन्या घडणीचा ‘बँजो’ ॲक्सल आहे. म्हणजे ‘एक गिअरबॉक्स’ म्हणत म्हणत निम्मी मार्क टू विकत घ्यायची. शनिवार-रविवार म्हणे! एमजीबीचा गिअरबॉक्स खालून नुसता उतरतच नाही, इंजिन बाहेर काढावंच लागतं. दादाच्या गॅरेजमध्ये वॉशिंग मशीन आहे, दोन सायकली आहेत आणि पुण्याहून आलेली लोणच्याची बरणी आहे. इंजिन कुठे टेकवणार?

आता ओव्हरड्राइव्ह. इथे मला मॅन्युअल उघडावं लागलं. कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल, माझं ग्रीसने इतकं माखलंय की पानं उलटताना चिकटतात. दादाच्या गाडीच्या गिअरबॉक्सचे आकडे (बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीमागे इंजिनच्या किती फेऱ्या): ३.६४, २.२१, १.३७, आणि टॉप १.००. मागे लेकॉक कंपनीचा डी-टाइप ओव्हरड्राइव्ह, ०.८०२. आता सिएराच्या चार सिलिंडरवाल्या पाच गिअरचे आकडे घ्या: ३.६५, १.९७, १.३७, १.००, ०.८२. पहिला, तिसरा, चौथा जवळपास तेच. आणि पाचवा गिअर दादाच्या ओव्हरड्राइव्हपेक्षा किंचित घाईचाच! टॉपमध्ये इंजिनच्या मिनिटाला हजार फेऱ्यांमागे ही गाडी ताशी अठरा मैलांच्या आसपास जाते. म्हणजे ७० मैलांना सुमारे ३,९०० फेऱ्या. ओव्हरड्राइव्ह लावला की ३,१०० च्या थोड्या वर, सिएराच्या पाचव्यात ३,२००. निम्म्या फेऱ्या कुठल्या गणितात येतात ते लिहिणाऱ्याने सांगावं. वर हा ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गिअरवर लागतो. पुढे जायचे गिअर झाले सहा. सहा देऊन पाच घ्यायचे?

एक मात्र खरं आहे, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. ज्याच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह नाही आणि मोटारवेवर रोज जायचंय, त्याला सिएराचा गिअरबॉक्स वाईट नाही. त्याचं बेल हाऊसिंग (इंजिनला जोडणारं घंटेसारखं कवच) सुटं निघतं, म्हणून दुसऱ्या इंजिनला जोडणं सोपं जातं, आणि टनेल न कापता बसवायची तयार किटंही मिळतात. पण त्यातही क्लचचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि स्पीडोमीटरचं गणित बदलतं. शिवाय सिएरा १९९३ साली बंद झाली. भंगारातून आणलेला तो ‘नवा’ गिअरबॉक्स तिशी ओलांडलेलाच असणार, आधी उघडून बघावाच लागणार.

ऑइलबद्दल तीनच वाक्यं. मॅन्युअल या गिअरबॉक्सला इंजिन ऑइलच सांगतं, २०डब्ल्यू-५०, आणि ओव्हरड्राइव्ह तेच ऑइल पितो. त्याच्या आतला शंकूसारखा क्लच घर्षणावर धरतो, म्हणून घर्षण कमी करणारी कुठलीही बाटली त्यात ओतायची नाही. आणि काही गिअर ऑइलमधली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात.

पहिल्या गिअरला सिंक्रो नाही म्हणून गिअरबॉक्स भंगार? आमचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, डबल क्लच मारत अख्खा घाट चढायचे. इथे तर तेवढंही नको. गाडी पूर्ण थांबू द्यायची, क्लच दाबून आधी दुसऱ्या गिअरला टेकवायचं, आत फिरणारा शाफ्ट थांबतो, मग पहिला टाकायचा. लोण्यासारखा पडतो. चालत्या गाडीत पहिला कोंबला तर खर्रर्र होणारच, तो गिअरबॉक्सचा दोष नाही.

एमओटीचं बरोबर आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला ती माफ आहे, मात्र गाडीत मोठा बदल झालेला नसावा. त्या बदलांच्या यादीत चासी किंवा मोनोकॉक (चासी-बॉडी एकच असलेली) बॉडी, ॲक्सल, सस्पेन्शन, स्टिअरिंग, इंजिन ही नावं आहेत, गिअरबॉक्सचं नाही. पण टनेल हा त्या मोनोकॉक बॉडीचाच भाग, हे ग्राइंडर लावायच्या आधी आठवावं. विम्याचं मात्र साफ खोटं. फॉर्मवर ‘गाडीत काही बदल केलेत का’ असं विचारलेलं असताना ‘नाही’ लिहिलं, तर अपघातानंतर क्लेम अडकतो. २०१२च्या ग्राहक विमा कायद्याने उत्तर नीट द्यायची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे.

रविवारी गेलो. खिचडी खाल्ली. मग दादाला विचारलं, मुळात त्रास काय होता? म्हणाला, ‘अरे, ओव्हरड्राइव्ह लागत नाही महिनाभर. भंगार झाला असं त्यात लिहिलंय.’ गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सवरच्या स्विचला जाणारी वायर तुटून लोंबत होती. सोल्डर करायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा सोल्डरिंग आयर्न शोधण्यात गेली.

ग्राइंडर माझ्या डिकीत आहे. दादा पावती शोधतोय.