परदेशातून: पाद्रीबुवांचा रिपोर्ट

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत गोव्यातले पोर्तुगीज काळातले पाद्री चांगले की वाईट हा वाद चाललाय. एक पार्टी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मद्रोहाचे खटले काढते, दुसरी लगेच फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण पुढे करते, आणि दोघांनाही वाटतं आपणच जिंकलो. मी इथे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला बसून वाचतो आणि मला आठवतो मार्कोस दे निझा, शेजारच्या टेंपीत त्याच्या नावाचं हायस्कूल आहे.

हा फ्रान्सिस्कन साधू. 1539 मध्ये मेक्सिकोचा स्पॅनिश व्हाइसरॉय मेंडोझा याने त्याला उत्तरेला पाठवला, तिकडे श्रीमंत शहरं आहेत म्हणतात, बघून ये म्हणून. सोबत एस्तेवानिको, मोरोक्कोत जन्मलेला गुलाम. त्याने पुढे जायचं आणि खबर जेवढी मोठी तेवढा क्रूस मागे पाठवायचा असं ठरलं, बरी असेल तर वीतभर, मोठी असेल तर दोन वीत. चार दिवसांत आला तो थेट पुरुषभर उंचीचा! पुढे तिथल्या मूळ रहिवासी झुनी लोकांनी हाविकुह या ठिकाणी एस्तेवानिकोला मारलं. पाद्रीबुवा म्हणे लांबूनच टेकडीवरून ते शहर बघून परतले आणि सांगितलं काय, तर मेक्सिको शहरापेक्षा मोठं आहे. 1540 मध्ये स्पॅनिश सरदार कोरोनादो फौज घेऊन तिथे पोचला तर समोर दगडमातीचं छोटंसं गाव. तेही त्याने लढून घेतलंच, कारण माणसं उपाशी होती आणि गावात धान्य होतं, आणि वर व्हाइसरॉयला कळवलं की या बुवाने एकही गोष्ट खरी सांगितली नाही.

आता याच मार्कोसने आधी पेरूतले स्पॅनिश अत्याचार लिहून दिले होते, स्पॅनिश अत्याचारांवर टीका करणाऱ्या लास कासास या पाद्र्याने ते आपल्या पुस्तकात घेतले. मग संत म्हणायचा की थापाड्या? मला विचाराल तर त्याच्या मनात काय होतं ते शोधत बसू नका, त्याच्या रिपोर्टवर फौज कुणाच्या दारात गेली ते बघा.

इथल्या साउथ माउंटन पार्कात दगडावर त्याच्या नावाचा 1539 चा लेख आहे, गजांआड जपलेला, अभ्यासक तो बनावट मानतात. त्यावरून कोणी भांडत नाही. ग्रुपवर लगेच येईल, बघा किती समजूतदार लोक. कसले समजूतदार, कुणाला पडलेलीच नाहीये! झुनी मात्र आजही न्यू मेक्सिकोत तिथेच राहतात, त्यांना विचारा की. आपल्याकडे तरी पोर्तुगीजांच्या धाकाने मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून प्रियोळला नेणाऱ्यांचं आणि मागे राहून बाप्तिस्मा घेतलेल्यांचं कोण विचारतंय, दोन्ही पार्ट्या नुसत्या पाद्र्यांचे फोटो फॉरवर्ड करतायत.