क्रँक बनवू की बदलू?

टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरण्यात बदलणारा भाग, घरात आणू नये. त्याची जागा इंजिनात. तिथे नसेल तर गॅरेजात, आणि तिथेही कुणी ठेवून घेत नसेल तर भंगारात. घरात आला की येणारा-जाणारा त्याचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडणारा दांडा, धरतो, दोनदा हलवतो, डोळे बारीक करतो आणि नाडी सापडलेल्या वैद्यासारखा निकाल देतो. "गेला." किंवा, "याला काय झालंय? अजून दहा वर्षं बघायला नको." आमच्याकडे हा क्रँक शोकेसच्या खालच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून, बरेच दिवस मुक्कामाला होता. गॅस सिलिंडरवाल्यानेही मत दिलं. एरवी सिलिंडरचं वजन करून दाखवा म्हटलं की त्याला भयंकर घाई असते. क्रँक दिसल्यावर मात्र तो सिलिंडर आडवा ठेवून त्यावरच बसला.

स्कूटर सासऱ्यांची. 1983 सालची बजाज चेतक, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. त्या काळात स्कूटरचा नंबर लागला म्हणून पेढे वाटत, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना आमच्या घरात अजूनही एकेरीवर कुणी येत नाही. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी संप केल्यापासून ती साताऱ्याला अंगणात उभी होती. टेम्पोतून पुण्याला आली ती तळातून खडखड करतच. रेस केलं की खडखड वाढायची, सोडलं की कमी व्हायची, आणि आमची ही गॅलरीतून खाली बघत म्हणायची, "बाबांच्या हातात असा आवाज कधी नव्हता हो."

मेकॅनिकने इंजिन उतरवलं, त्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, उघडली आणि क्रँक माझ्या हातात दिला. "साहेब, बिगएंड गेलाय, रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग. उभी राहून गेलाय."

"उभी राहून?"

"चालवून जात नाहीत एवढे उभे राहून जातात. पावसाळ्यात केसमध्ये ओल धरते, पाणी तळाला बसतं. रॉड खाली असला की बिगएंड त्याच ओलीत. गंज चढला की संपलं."

मग त्याने तो प्रश्न विचारला: "बनवून घ्यायचा की नवीन टाकायचा?" आणि पुढच्या इंजिनाकडे वळला. जगातले सगळे मेकॅनिक हा प्रश्न विचारून असेच वळत असावेत.

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, आणि त्याला कारण टू-स्ट्रोकची रचना. मोटारीचा क्रँक बहुधा एकसंध असतो. रॉडची खालची कडीच दुभंगते आणि बोल्टने आवळता येते. तिथे पंप दाब देऊन ऑइल पोचवतो. आमच्या चेतकच्या क्रँकला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधून, लिटरला 20 मिली टू-टी ऑइलच्या हिशोबाने, तेही धुक्याच्या रूपात. एवढ्यावर भागवायचं तर बिगएंडला सुया-रोलरचं बेअरिंग लागतं आणि रॉडची कडी अखंड लागते. कडी अखंड म्हणजे ती पिनवर ओवायला क्रँकच खोलावा लागणार. म्हणून हा क्रँक दोन जाड लोखंडी चकत्या आणि त्यांना जोडणारी एक पिन असा असतो. पिन काही टनांच्या दाबाने प्रेसमध्ये ठोकून बसवलेली. ना बोल्ट, ना चावी. नुसती घट्ट बसली आहे म्हणून बसली आहे. चेतकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 57 मिलिमीटर, म्हणजे ही पिन मध्यापासून साडेअठ्ठावीस मिलिमीटरवर, आणि पाच हजार फेऱ्यांना तो रॉड सेकंदाला त्र्याऐंशी वेळा वर-खाली. या भरवशावर लोकांनी एकेकाळी अख्खं कुटुंब, पुढे उभा मुलगा आणि मागे बायकोच्या मांडीवर मुलगी, असं कात्रजच्या घाटातून नेलेलं आहे.

थोडक्यात, झिजते ती पिन, बेअरिंग आणि रॉड. चकत्या सहसा धडधाकट असतात. तेव्हा फक्त या तिन्हींचं किट टाकून क्रँक बनवून घ्यावा, हे गणित कुणालाही पटेल. मलाही पटलं होतं, नाना पेठेत जाईपर्यंत.

नाना पेठेत दुचाकीचा असा भाग नाही की जो मिळत नाही. दुकानदाराने विचारलं, "जुना आणलाय? दाखवा." घेतला, हलवला. "गेला. नवीन कुठला देऊ? ओरिजनल, ओरिजनलसारखा, की चालेल असा?" ओरिजनल नव्हताच. ओरिजनलसारखा लालभडक डब्यात होता आणि त्या डब्यावर छापलेल्या स्कूटरला आरसा उलट्या बाजूला होता. चालेल असा क्रँक प्लास्टिकच्या पिशवीत. मी त्याचा रॉड हलवून बघितला, सवय लागली होती. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे हो, हलवून काय बघता?" पण नव्याचा प्रश्नच तो आहे. जुन्यात काय बिघडलंय ते मला माहीत होतं. नव्यात काय बिघडणार आहे ते त्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं आणि बहुधा बनवणाऱ्यालाही नव्हतं. रविवारी जुन्या बाजारातही चक्कर मारली. तिथे चेतकचे क्रँक तागाच्या पोत्यावर ओळीने मांडले होते आणि प्रत्येक क्रँक "एकाच डॉक्टरांच्या गाडीचा" होता. पुण्यात चेतक चालवणारे डॉक्टर एवढे होते, तर पेशंट कुठे गेले म्हणायचे?

घरच्या आघाडीवर मेहुणा उतरला. तो हिंजवडीत असतो. त्याने एक्सेल शीट केली: किट, मजुरी, नवा क्रँक, बेअरिंगं, दोन्ही ऑइल सील, प्रत्येकाची पाच वर्षांची किंमत, आणि शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात "इलेक्ट्रिक चेतक". 2020 पासून ती मिळते आणि तिला क्रँकच नसतो, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. सासऱ्यांना फोनवर हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही, मग, "ती वाकवून सुरू करावी लागते का?" मेहुणा म्हणाला, नाही. "मग चेतक कसली?"

सासऱ्यांचं स्वतःचं मत असं, की क्रँकला काही झालेलंच नाही, मेकॅनिक बनवतोय. त्यांच्या काळात क्रँक जात नसत.

शेवटी कुणीतरी भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्याचा पत्ता दिला. गृहस्थ एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, एक लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि एक रेडिओ एवढा पसारा. सगळे त्यांना मास्तर म्हणत होते, म्हणून मीही. मास्तरांनी क्रँक डिझेलमध्ये धुतला, हवा मारली. मी सवयीने म्हणालो, "हलतोय, बघा." ते म्हणाले, "आडवा हलला तर हलू दे. थोडा हललाच पाहिजे. उभा हलता कामा नये." रॉड वर उभा धरून त्यांनी सरळ रेषेत ओढला-दाबला. टक. टक. शोकेसपाशी एवढे निकाल लागले होते, ते सगळे आडवे हलवून.

मग त्यांनी रॉडकडे बघणंच सोडलं आणि ज्या गोष्टींकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं त्या बघितल्या. टेपर, म्हणजे शाफ्टचा निमुळता भाग, चावी बसायची खाच, टोकाचे आटे. सगळ्यात जास्त वेळ एका चकतीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवण्यात गेला. चेतकमध्ये ही कड म्हणजे नुसतं लोखंड नाही, तीच व्हॉल्व्ह आहे. कार्बुरेटरमधून केसमध्ये येणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण कधी आत घ्यायचं आणि कधी दार लावायचं, ते ही फिरती कड ठरवते. कड आणि केस यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांची. कडेवर ओरखडा गेला की मिश्रण उलटं कार्बुरेटरमध्ये फेकलं जातं आणि मग किक मारता मारता माणूस म्हातारा होतो. "ही कड ह्या केसमध्ये इतकी वर्षं फिरलीय," मास्तर म्हणाले. "नवीन क्रँकची कड कशी असेल ते कोण सांगणार? बनवू."

महिनाभर जे घरादाराला ठरवता आलं नव्हतं, ते चहा यायच्या आत ठरलं.

प्रेसखाली जुनी पिन निघाली तेव्हा केवढा आवाज झाला! मी गाळ्याबाहेर होतो. परत आत आलो तर मास्तरांनी पिन माझ्या तळहातावर ठेवली: एका बाजूला गुळगुळीत, दुसरीकडे सुयांच्या अंतराने ओळीत पडलेले काळे, नखाला लागणारे खड्डे. सासऱ्यांना दाखवायला मी ती खिशात टाकली. नव्या किटमधली पिन, बेअरिंग, वॉशर, रॉड सगळं बसवून क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये चढला आणि दोन्ही टोकांना डायल गेज लागलं, क्रँक किती वाकडा फिरतो ते काट्यावर दाखवणारं. मास्तर क्रँक हाताने हळू फिरवत. काटा मिलिमीटरचे बारा शतांश पळाला. खडूची खूण, तांब्याचा हातोडा, चकतीवर नेमक्या जागी एक ठोका. परत फिरवायचं. सात. परत ठोका. तीन. दोन.

"पॉइंट झिरो टू," मी अधिकारवाणीने म्हणालो. "झालं ना?"

मास्तरांनी माझ्याकडे न बघता आणखी एक ठोका मारला. काटा चारवर गेला. त्यानंतर क्रँक उतरेपर्यंत मी रेडिओ ऐकला.

स्कूटर आता चालते. धूर नेमून दिलेला आहे तेवढाच काढते. दोन्ही बेअरिंगं आणि दोन्ही सीलं मेकॅनिकने न विचारता नवीच टाकली. त्यात बनवू की बदलू हा प्रश्न विचारायचा नसतो म्हणाला. सासऱ्यांनी पिन हातात घेऊन, चष्मा लावून बघितली आणि ही त्यांच्या स्कूटरची नव्हे असं जाहीर केलं.

अडचण वेगळीच झाली आहे. समोरच्या विंगमधल्या कुलकर्ण्यांची यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकल. 1994ची, जिवापलीकडे जपलेली. तिचाही क्रँक बोलायला लागला. ते विचारायला आले. मी हातातला चहाचा कप ठेवून, क्रँक बनवावाच कसा, नवीन घेणं म्हणजे कसा शुद्ध अडाणीपणा, यावर त्यांचा तास घेतला. टेपर सांगितला, पॉइंट झिरो टू सांगितलं, रॉड उभा ओढून दाखवला. कड आणि व्हॉल्व्हचंही सांगणार होतो, पण आरएक्सला ते काम रीड व्हॉल्व्ह करतो हे त्यांनीच मला सांगितलं. कुलकर्णी वहीत लिहून घेऊन भोसरीला गेले.

मास्तरांनी त्यांचा क्रँक दोन मिनिटांत परत दिला. पिन आधी कुणीतरी एकदा-दोनदा काढून घातली होती, चकतीचं भोक सैल झालेलं, आणि वरून वेल्डिंगचा टाका मारलेला. "ह्याला काही करता येणार नाही. नवीन घ्या."

कुलकर्णी आता लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. सोसायटीत त्यांनी असं पसरवलंय, की भोसरीचा मास्तर माझा लांबचा नातेवाईक आहे आणि फक्त घरच्यांचेच क्रँक बनवतो.