‘१५ तारखेनंतर रिफंड सरकारजमा’ म्हणे!

सप्टेंबर २०२५ मधली एक सकाळ, सव्वासातला आत्याचा फोन. “अरे, पंधरा तारखेनंतर आयकराचे माझे पैसे सरकारजमा होणार म्हणे! आणि त्याआधी रिटर्न भरलं तर पन्नास हजार मिळतात. तू कधी बोलला नाहीस ते?”

आत्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल पेनाने चुका काढल्या, पण व्हॉट्सॲपवर ‘जनहितार्थ’ लिहून आलेलं तिला छापील पुस्तकासारखं वाटतं. मेसेज मागवून घेतला. तोवर तो आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकदा येऊन गेला होता. सांगणं थोडक्यात असं: १५ सप्टेंबरनंतर आयकराचा रिफंड, म्हणजे जास्तीचा कापलेला कर, कायमचा बुडतो, त्याआधी वाट्टेल त्या वजावटी टाका, पुरावा लागत नाही, उशीर झालाच तर एका अर्जावर दंड माफ होतो, तेही हुकलं तर चार वर्षं अपडेटेड रिटर्नने रिफंड मिळतो. खाली एक मोबाइल नंबर आणि ‘फी फक्त रिफंडच्या २० टक्के’.

‘रिफंड कायमचा बुडतो.’ नाही बुडत. त्या वर्षी रिटर्नची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती. ती हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं आणि त्यातही रिफंड मागता येतो. लेट फी तेवढी बसते. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००, त्यावर असेल तर ५,०००.

आत्याचाच हिशोब घ्या. वर्षाची पेन्शन ३,६०,०००. ठेवींचं व्याज ९६,०००, त्यातून बँकेने १० टक्क्यांनी ९,६०० टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात ३,८१,०००. नव्या करपद्धतीत त्या वर्षासाठी (२०२४-२५ चं उत्पन्न) ७ लाखांपर्यंत कलम ८७एची सूट होती, म्हणजे कर शून्य आणि ९,६०० च्या ९,६०० परत. पंधरा तारीख उलटली असती तर त्यातले हजार लेट फीत गेले असते. शिवाय वेळेत भरलं तर रिफंडवर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, उशिरा भरलं तर भरल्या तारखेपासून. आत्याच्या बाबतीत ते महिन्याला ४८ रुपये. नुकसान आहे, पण सरकारजमा वगैरे काही नाही.

या अफवेला एक शेपूट मात्र खरं आहे, तेही सांगून टाकतो. फेब्रुवारीत लोकसभेत आलेल्या नव्या आयकर विधेयकात, रिफंड हवा तर रिटर्न मुदतीतच भरलं पाहिजे, अशी तरतूद खरोखरच होती. लोकसभेच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती नाही. तो कायदाही १ एप्रिल २०२६ पासूनचा. मेसेज लिहिणाऱ्याने फेब्रुवारीची बातमी वाचली, ऑगस्टची वाचली नाही.

उलट, मुदत चुकवल्याचा जो खरा फटका आहे त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. पगारदार माणसाला जुनी करपद्धत निवडायची असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. कंपनीने वर्षभर जुन्या पद्धतीने टीडीएस कापलाय, घरभाडं, विमा, पीएफ सगळं धरलंय, आणि तुम्ही रिटर्न भरलंत ऑक्टोबरात, तर हिशोब नव्या पद्धतीने होणार. त्या वजावटी गेल्या. रिफंडची वाट बघणाऱ्यालाच उलट पैसे भरावे लागू शकतात. घाबरवायचंच होतं तर यावरून घाबरवायचं!

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो मुद्दा. ‘८०सी (पीएफ, आयुर्विमा वगैरे), ८०डी (आरोग्यविमा), राजकीय पक्षाला देणगी, सगळं टाका. पुरावा जोडावा लागत नाही. मुदतीआधी भरलेल्या रिटर्नची तपासणी होत नाही.’

आत्याला मी एकच विचारलं, “तुझे कापले किती?” म्हणाली, नऊ हजार सहाशे. “मग पन्नास हजार परत येतील कुठून?” फोनवर जरा शांतता. रिफंड म्हणजे तुम्ही भरलेल्या किंवा तुमच्याकडून कापलेल्या कराचा जास्तीचा भाग. वजावटींचा डोंगर रचला तरी कापलेल्या रकमेच्या वर (व्याज सोडून) एक रुपया येत नाही. आणि नव्या पद्धतीत ८०सी, ८०डी किंवा पक्षाची देणगी यातलं काहीच चालत नाही. आत्यासाठी तो आख्खा परिच्छेद निरुपयोगी होता. पण माझा मावसभाऊ ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, जुन्या पद्धतीत आहे, आणि त्याने त्या मेसेजखाली पसंतीचा अंगठा टाकला होता. त्याच्यासाठी तो निरुपयोगी नाही, घातक आहे.

पुरावा जोडावा लागत नाही हे खरं. जोडावा लागत नाही म्हणजे असावा लागत नाही, हा अर्थ कुणी काढला? विचारला की दाखवावा लागतो. दीड लाखाची खोटी देणगी दाखवली तर ३० टक्के आणि वर सेस धरून ४६,८०० चा रिफंड येईल. ‘सल्लागार’ त्यातले ९,३६० घेऊन जाईल. उद्या ती देणगी खोटी ठरली की ४६,८०० परत, त्यावर व्याज, आणि चुकीची माहिती दिली म्हणून कलम २७०एखाली त्या कराच्या २०० टक्के दंड, म्हणजे ९३,६००. रिटर्नवर पॅन तुमचा, सही तुमची. सल्लागाराचं नाव कुठे शोधणार?

‘मुदतीआधी भरलं तर तपासणी नाही’ हे तर कुठून काढलं देव जाणे. रिफंड खात्यात पडला म्हणजे दावा मान्य झाला असं नसतं. रिटर्नवर आधी संगणकाची प्रक्रिया होते, तपासणी नंतर. सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नला छाननीची नोटीस येण्याची मुदत होती ३० जून २०२६ पर्यंत.

आणि हे मी मनाचं सांगत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै २०२५ ला पत्रक काढलंय, ते मावसभावाला पाठवलं. कमिशनवर मोठा रिफंड कबूल करून खोट्या वजावटी भरणाऱ्या टोळ्यांबद्दलच ते आहे आणि त्यात महाराष्ट्राचंही नाव आहे. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हे लोक रिटर्न भरताना तात्पुरता ई-मेल पत्ता टाकतात आणि पुढे तो सोडून देतात. नोटीस त्या पत्त्यावर जाते, ज्याच्या नावाने निघाली त्याला कळतही नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असंही पत्रक सांगतं. तासाभराने भावाचा अंगठा मेसेजखालून गायब.

बाकीचं उरकतो. ‘एका अर्जावर दंड माफ’: लेट फी कायद्यानेच ठरलेली आहे, अर्ज टाकला की पुसली जाते अशी सोय नाही. जी माफी आहे ती दिरंगाईची, आणि वेगळ्याच प्रसंगासाठी. ३१ डिसेंबरही उलटून गेला आणि रिफंड अडकला, तर आयकर आयुक्तांकडे कलम ११९(२)(बी) खाली अर्ज करता येतो. त्या करनिर्धारण वर्षाच्या (उत्पन्नाच्या वर्षानंतरच्या आर्थिक वर्षाच्या) अखेरीपासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. उशिराचं खरं कारण पटवावं लागतं आणि मंजूर झालं तरी अशा रिफंडवर व्याज मिळत नाही. आजारपणात राहून गेलं त्याच्यासाठी ही वाट आहे, विसरभोळ्यांसाठी नव्हे.

‘अपडेटेड रिटर्नने चार वर्षं रिफंड’: साफ उलटं. मुदत चार वर्षं केली आहे हे बरोबर, पण ते रिटर्न जास्तीचा कर भरण्यासाठी आहे. त्यात रिफंड मागता येत नाही, वाढवूनही घेता येत नाही. वर उशिरानुसार २५ ते ७० टक्के जादा कर.

आणि तो मोबाइल नंबर. आयकर पोर्टलचा पासवर्ड मागणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल वेगळं काय लिहायचं?

आत्याचं रिटर्न दुसऱ्या दिवशी रात्री भरलं. व्हेरिफाय करायला ३० दिवस असतात, पण म्हटलं लगेच उरकू. “आत्या, आधारचा ओटीपी आला असेल, सांग.”

“नाही सांगणार,” म्हणाली. “अनोळखी असो नाहीतर ओळखीचा, ओटीपी कुणाला द्यायचा नाही असं सकाळीच तर एका मेसेजमध्ये आलंय.”

लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. चष्मा लावून तिने एकेक आकडा स्वतःच दाबला.